मुळाला हात लावू नका

माझा वरच्या ओळीतला समोरचा उजवा दात मुळासकट निघून जमिनीवर पडला होता. तोच दात आज माझ्या तोंडात आहे, त्याच जागी. तो वाचला याचं श्रेय डॉक्टरांना आहेच. पण पहिल्या काही मिनिटांत जवळच्या माणसांनी काय केलं आणि पुढचे दोन आठवडे मी घरी काय केलं, यावरही तितकंच अवलंबून होतं. अशा प्रसंगी काय करायचं हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बॅडमिंटनच्या दुहेरीत शटल दोघींच्या बरोबर मधे आलं. मी वाकले, मागून मैत्रिणीची रॅकेट जोरात आली आणि तिची कड माझ्या वरच्या ओठावर बसली. दुखणं नंतर आलं. आधी तोंड गरम, खारट रक्तानं भरलं आणि जीभ वर गेली, तर दाताच्या जागी मऊ, ओला खड्डा. शेजारचा दात जिभेच्या धक्क्यानंही हलत होता. ओठ आतून फाटला होता. मैत्रीण तर रडायलाच लागली.

शेजारच्या कोर्टवर एका शाळेतले खेळाचे शिक्षक खेळत होते. ते धावत आले. आल्याबरोबर त्यांनी दाताचा शोध घेतला नाही, आधी मला खाली बसवलं आणि डोकं पुढे झुकवायला सांगितलं, रक्त घशात जाऊ नये म्हणून. मग प्रश्न. "मॅडम, चक्कर येतेय का? मळमळतंय? आज वार कोणता?" दाढा एकमेकींवर नेहमीसारख्या टेकतात का, तेही त्यांनी मला हळूच तोंड मिटून बघायला लावलं. हे का विचारलं ते नंतर कळलं. माणूस क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, उलट्या होत असतील, बोलणं असंबद्ध असेल, तर दाताची पाळी नंतर, आधी हॉस्पिटल. वरखालचे दात नीट जुळत नसतील, तर जबड्याचं हाड मोडल्याची शंका घ्यायची. माझं तसं काही नव्हतं. मग त्यांनी ओठावर स्वच्छ रुमाल दाबून धरायला दिला आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "दात दिसला की मला दाखवा फक्त. कुणी हात लावायचा नाही."

दात नेटजवळ सापडला. आरशात दिसतो तेवढाच दात असतो, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. सरांच्या हातातला दात बघताना मी चमकलेच. पांढऱ्या भागापेक्षा मूळ लांब, पिवळसर, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, आणि त्याच्यावर मधे मधे काहीतरी गुलाबी, ओलसर चिकटलेलं. सरांनी पांढरा भाग दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, मुळाला त्यांचं बोट कुठेच लागलेलं नव्हतं. "ही गुलाबी कातडी आहे ना, हिच्यावर सगळं आहे," ते म्हणाले.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. दात उखडतो तेव्हा हा थर फाटतो आणि त्याचा काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. त्यातल्या पेशी जिवंत असतील तर दात परत खोबणीत गेल्यावर तंतू पुन्हा जुळतात. पण हवेत कोरड्या पडल्या की त्या मरू लागतात. अर्धा तास दात कोरडा राहिला तर बहुतेक पेशी गेलेल्या असतात, आणि तासाभरानंतर एकही उरली नाही असंच डॉक्टर धरून चालतात. म्हणून दात रुमालानं पुसायचा नाही, नखानं खरवडायचा नाही, ब्रशनं किंवा साबणानं धुवायचा नाही, जंतुनाशकात बुडवायचा नाही आणि कागदात गुंडाळून खिशात तर मुळीच टाकायचा नाही. स्वच्छतेच्या चांगल्या हेतूनं लोक नेमकं हेच करतात.

प्रथमोपचाराच्या पेटीत सलाईनची बाटली होती. सरांनी दात तसाच पांढऱ्या भागाला धरून त्यावर सलाईन ओतलं, धूळ वाहून गेली, बस. सलाईन नसतं तर नळाच्या गार पाण्याच्या बारीक धारेखाली काही सेकंद धरलेलाही चालला असता. पण पाण्यात दात ठेवून द्यायचा नाही. पाण्यात क्षार फार कमी असतात, त्यामुळे ते पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगून फुटतात.

"आत्ताच परत बसवायचा," सर म्हणाले. "तुम्ही बसवाल की मी?"

मी म्हटलं, मीच. माझं तोंड आहे, कुठे किती दुखतंय ते मलाच कळणार. मैत्रिणीनं मोबाईलचा कॅमेरा माझ्यासमोर आरशासारखा धरला. दाताची पुढची बाजू गुळगुळीत आणि किंचित फुगीर असते, मागची खोलगट. शेजारच्या दाताशी ताडून पाहिलं की चूक होत नाही. मुळाचं टोक खड्ड्याच्या तोंडाशी टेकवलं आणि बोटानं हळूहळू वर दाबत नेलं. असह्य दुखेल या तयारीत मी होते. प्रत्यक्षात तो भाग इतका बधिर झाला होता की दुखण्यापेक्षा दाबच जास्त जाणवला. मधे एकदा दात अडला. जोर न करता अगदी थोडा फिरवला, तेव्हा कडेनं रक्ताची गुठळी बाहेर आली आणि तो सरकत वर गेला. शेजारच्या दाताच्या पातळीत आला हे कॅमेऱ्यात पाहिलं. मग सरांनी रुमालाची घडी करून दिली, ती मी वरखालच्या दातांत हलकेच धरून ठेवली, दवाखान्यात पोचेपर्यंत.

हे सगळ्यांनाच जमेल असं नाही, आणि काही वेळा करूही नये. माणूस पुरता शुद्धीत नसेल तर त्याच्या तोंडात सुटा दात घालणं धोक्याचं आहे, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर दात बसवायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. कधी भीतीनं हातच थरथरतात. अशा वेळी दात दुधात. सरांनी एका मुलाला दूध आणायला आधीच पिटाळलं होतं, न जाणो दात आत गेलाच नाही तर! साधं, शक्यतो थंड दूध, साखर न घातलेलं. त्यातलं क्षारांचं प्रमाण पेशींना मानवतं आणि ते फारसं आंबट किंवा अल्कधर्मीही नसतं, त्यामुळे पेशी काही तास तग धरतात. दूध नसेल तर छोट्या डबीत स्वतःचीच लाळ थुंकून त्यात दात ठेवायचा. सलाईन दुधाइतकं चांगलं नाही, तरी कोरडं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. दात गालात धरून नेण्याचा सल्लाही देतात, पण लहान मुलाच्या बाबतीत तो गिळला जाण्याची भीती असते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मैत्रिणीनं ज्या दवाखान्यात पहिला फोन केला, तिथे उत्तर मिळालं, "पडलेला दात काही परत बसत नाही. जखम भरली की या." ते ऐकून एखाद्यानं दात टाकूनच दिला असता. मला अजून त्याचा राग येतो. सरांनी दुसरीकडे फोन लावला आणि एकच वाक्य सांगितलं, "समोरचा कायमचा दात मुळासकट निघाला होता, लगेच परत बसवलाय, आत्ता घेऊन येतोय." समोरून तितकंच नेमकं उत्तर आलं, "लगेच या."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दात जागेवर नीट बसलाय असं दिसलं, तेव्हा त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला नाही. भूल दिली, तोंड धुतलं आणि ओठाच्या जखमेत दाताचा एखादा कपचा अडकला नाही ना हे पाहून आतून टाके घातले. पडलेला दात किंवा त्याचा तुकडा सापडतच नसेल, तर तो ओठात रुतलाय का, पोटात गेलाय का, की छातीत, हे शोधावं लागतं, प्रसंगी छातीचा एक्स-रे काढून. त्यानंतर दातांवर पुढून एक बारीक तार, दाताच्याच रंगाच्या मसाल्यानं ठिपके देऊन चिकटवली. हा स्प्लिंट. तार जाडीला ०.४ मिलिमीटरच्या आत असते आणि मुद्दाम लवचीक ठेवतात. मला वाटलं होतं, दात जितका घट्ट जखडून ठेवू तितकं चांगलं. डॉक्टर म्हणाले, उलट आहे. दाताला किंचित हालचाल मिळाली तर तंतू भरून येतात. पुरतं जखडलं तर मूळ हाडाला चिकटून बसण्याची शक्यता वाढते. म्हणूनच स्प्लिंट दोनच आठवडे. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि वेदनाशामक देऊन त्यांनी घरी पाठवलं. दातांच्या अपघातांवर काम करणाऱ्या 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी' या संस्थेनं २०२० मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत, त्याप्रमाणेच सगळं चालल्याचं त्यांनी सांगितलं.

खरी परीक्षा घरी होती. पहिल्या रात्री ओठ इतका सुजला की तोंड पुरतं मिटेना. बर्फाचा पॅक कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. बर्फ थेट कातडीवर नाही. उशीवर उशी घेऊन डोकं उंच ठेवून झोपले. वेदनाशामक म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण तिनं रक्तस्राव वाढू शकतो. आणि मुलांना तर ती देऊच नये. शेजारपाजारच्यांनी हिरडीवर लावायला तेलं आणि लेप सुचवले. मी काहीही लावलं नाही. उघड्या जखमेवर असलं काही गेलं की ती आणखी चिघळू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. जो दात आदल्या दिवशी जमिनीवर होता, त्याला ब्रश लावायचा? हात पुढे जाईना. पण याच बाबतीत डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ समजावून सांगितलं होतं. तारेभोवती आणि हिरडीच्या कडेला अन्नाचा, जंतूंचा थर साचला की सूज तिथून थेट मुळापर्यंत उतरते, आणि वर बसवलेला दात खालून सुटू लागतो. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. सगळ्यात मऊ केसांचा, कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ केलेला. आडवा घासायचा नाही. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, एका दिशेनं, नुसतं फिरवल्यासारखं. तारेच्या वरून एकदा, खालून एकदा. पहिले काही दिवस ब्रशला रक्त लागायचं. रक्त बघून थांबायचं नाही, हात आणखी हलका करायचा. हे मन घट्ट करून करावं लागतं. मी बहिणीला टॉर्च घेऊन समोर उभं करायचे. ती म्हणायची, "ताई, डावीकडे तारेमागे पांढरं दिसतंय अजून," मग पुन्हा तेवढीच जागा.

त्याच्या जोडीला ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. त्यानं चव बदलते, जिभेवर आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. पुढे दात साफ करून घेतले की ते जातात, त्याला घाबरून बंद करू नये. टूथपेस्ट लावल्यावर लगेच हा माउथवॉश घेतला तर त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून मधे अर्धा तास सोडायचा.

खाणं मऊ, कोमट, चमच्यानं खाता येईल असं. समोरच्या दातांनी काहीही तोडायचं नाही, सगळं चमच्यानं बाजूच्या दाढांकडे न्यायचं. स्ट्रॉ वापरू नका असंही सांगितलं होतं, ओढताना जखमेवर ताण येतो म्हणून. पण या सगळ्यापेक्षा अवघड होतं जिभेला आवरणं. ती सारखी दाताच्या मागे जाते, ढकलून बघते, हलतो का म्हणून. दिवसा लक्ष ठेवता येतं. झोपताना मी जीभ टाळूला टेकवून झोपायची सवय लावून घेतली.

दर संध्याकाळी आरशात काय बघायचं तेही ठरलेलं होतं: हिरडीवर नवी सूज किंवा पुळी, पू, तोंडाला घाण वास, ताप, दात आधीपेक्षा लांब वाटणं, तोंड मिटताना तोच आधी टेकणं. यातलं काहीही झालं तरी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा.

दोन आठवडे संपायच्या आत रूट कॅनाल सुरू केलं. तेव्हा दात अजिबात दुखत नव्हता, त्यामुळे घरच्यांना प्रश्न पडला, मग कशाला? मोठ्या माणसाच्या दाताच्या मुळाचं टोक बंद झालेलं असतं. दात उखडताना तिथून आत जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नस तुटतात, आणि त्या परत जुळत नाहीत. आतला मऊ भाग मरतो. त्यात जंतू वाढले की त्यांची विषद्रव्यं दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर मुळाच्या पृष्ठभागावर येतात आणि मूळ झिजायला लागतं, तेही दुखणं न होता. दुखेपर्यंत थांबलं तर दात हातचा जातो. डॉक्टरांनी आतला भाग साफ करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि काही आठवड्यांनी कायमचं भरण केलं. लहान मुलांत, मुळाचं टोक अजून उघडं असेल आणि दात लगेच बसवला असेल, तर आत पुन्हा रक्तपुरवठा सुरू होऊ शकतो; म्हणून तिथे घाई न करता नजर ठेवतात.

स्प्लिंट काढला त्या दिवशी डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं दातांवर हलकेच टकटक केली. आधी शेजारच्या चांगल्या दातावर, मग माझ्या बसवलेल्या दातावर. "ऐका," म्हणाले. दोन्हींचा आवाज सारखाच, जरा दबका. मूळ हाडाला चिकटलं असतं तर आवाज उंच, धातूवर वाजवल्यासारखा आला असता. मेलेल्या तंतूंच्या जागी हाड मुळाला खात जातं तेव्हा तसं होतं. मोठ्यांत असा दातही कित्येक वर्षं टिकतो. वाढत्या मुलांत मात्र जबडा वाढतो आणि दात तिथेच राहतो, बुडाल्यासारखा दिसू लागतो.

शेजारचा हलणारा दात विसरूनच चालले होते. तो जागेवरून सरकला नव्हता, नुसता सैल झाला होता. गार बोळा लावून तपासलं तेव्हा त्याला काहीच जाणवलं नाही आणि मला धसका बसला, म्हणजे याचंही रूट कॅनाल? डॉक्टर म्हणाले, मार लागलेल्या दाताची नस काही काळ गप्प राहते, तीन महिने तरी थांबून बघू. पुढच्या एका तपासणीत बोळा टेकवताच मी दचकून मागे सरले. डॉक्टर हसले, मीही हसले. तो दात जिवंत होता.

तेव्हापासून लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात मी दोन गोष्टी सांगते. दुधाचा दात मार लागून पडला तर तो परत बसवायचा नाही. त्याच्या मुळापाशीच कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. दात जपून डॉक्टरांना दाखवायचा, एवढंच. आणि कायमच्या दाताचा नुसता कपचा उडाला असेल तर तो शोधून पाण्यात किंवा दुधात घालून न्यायचा. तोच तुकडा पुष्कळदा परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी आतून गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर नस उघडी पडली आहे, तेव्हा त्याच दिवशी जायला हवं. आणखी एक. वेळ उलटून गेली, दात कित्येक तास कोरडा पडला होता, तरी तो टाकू नका. फार काळ टिकला नाही तरी तेवढा वेळ जबड्याचं हाड आणि हिरडीचा आकार राखायला त्याचा उपयोग होतो, आणि पुढे त्या जागी काहीही बसवायचं झालं तरी ते सोपं जातं.

माझी तपासणी अजून चालू आहे. पहिल्या वर्षात चार आठवडे, तीन महिने, सहा महिने अशी होती, आता वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं. दर वेळी तोच एक्स-रे, त्याच कोनातून, आणि आधीच्यांशी शेजारी ठेवून तुलना, कारण मुळाची झीज नव्यानं सुरू झाली तर ती आधी तिथेच दिसते. म्हणून सगळे एक्स-रे मी एका फाईलमध्ये ठेवले आहेत. डॉक्टर बदलले तरी फाईल बरोबर जाईल. दात किंचित करडा झालाय. आतून ब्लीच करता येतं म्हणाले, मी अजून ठरवलेलं नाही. खेळायला परत सुरुवात करताना मात्र मापाचा माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं संरक्षक कवच, करून घेतला, आणि मैत्रिणीनंही स्वतःसाठी एक करून घेतला.